कुऱ्हाडीवरचा पहिला खटला

आमच्या अथेन्समध्ये दर उन्हाळ्यात, मळणी उरकली की, एका कुऱ्हाडीवर खुनाचा खटला चालतो. बैल कोणी मारला, असं तिला सगळ्यांसमोर विचारतात. ती उत्तर देत नाही. मग तिला दोषी ठरवतात, समुद्रात फेकतात आणि लोक घरोघर जातात. बाहेरगावचे पाहुणे तोंडावर हात धरून हसतात. हसू दे. पाऊस वेळेवर पडतो आणि कुऱ्हाडीने आजवर एकदाही तक्रार केलेली नाही. पहिल्या वर्षी मात्र सगळं इतकं सुरळीत झालं नव्हतं. त्या वर्षी आरोपी कुऱ्हाड हजरच नव्हती. हे मला नक्की माहीत आहे, कारण कुऱ्हाड माझी होती. तेव्हाचे पंच आता हयात नाहीत, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

त्या काळी आम्ही बैल मारत नसू. नांगराच्या बैलाला मारणं म्हणजे माणूस मारणं. देवाला जव, मध आणि पोळ्या देत असू; देव कुरकुरत नसे. सोपात्रोस नावाचा एक परका शेतकरी वस्तीच्या कडेला जमीन कसत असे. अकरा वर्षं राहत होता, म्हणजे नुकताच आला होता. सणाच्या दिवशी त्याने झ्यूसच्या वेदीवर आपल्या पोळ्या मांडल्या. तेवढ्यात त्याचाच बैल शेतातून आला, निम्म्या पोळ्या खाल्ल्या आणि उरलेल्या तुडवल्या. मी शेजारच्या दगडावर बसून कुऱ्हाडीला धार लावत होतो. सोपात्रोसने ती माझ्या हातातून हिसकावली आणि बैलाच्या मानेवर घातली. एकाच घावात बैल बसला. धार चांगली लागली होती.

मग सोपात्रोस भानावर आला. माणसाला पुरतात तसं त्याने बैलाला पुरलं, वर मूठभर जव टाकले आणि मिळेल त्या होडीने क्रीट बेटावर निघून गेला. त्याला जा असं कोणी म्हटलं नाही. थांब असंही कोणी म्हटलं नाही. मी कुऱ्हाड पुसून घरी नेली.

त्यानंतर दोन वर्षं पाऊस नाही. जव करपले, अंजिरं झाडावरच सुकली. देवाचा कौल घ्यायला आम्ही डेल्फीला माणसं पाठवली. तिथल्या पुजारणीने सांगितलं: क्रीटला पळालेला माणूस हे संपवील; खुन्याला शिक्षा करा, मेलेल्याला त्याच पूजेत पुन्हा उभा करा, आणि सगळ्यांनी त्याचं मांस खा, कचरू नका.

सोपात्रोसला आणायला पंचांचा मुख्य नावसोन निघाला. सोबत मला घेतलं, कारण सोपात्रोसचा चेहरा ओळखणारा दुसरा कोणी मिळेना. अकरा वर्षांत त्याच्याकडे नीट बघण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

तो क्रीटमध्ये एका द्राक्षमळ्यात राबत होता. आपल्याला पाप लागलंय म्हणून एकटाच जेवायचा, आपला वाडगा वेगळा ठेवायचा. आम्हाला बघून तो चार पावलं मागे सरला.

"जवळ येऊ नका, काका," तो नावसोनला म्हणाला. "विटाळ होईल."

"झालाय तो आधीच," नावसोन म्हणाला. "दोन वर्षं पाऊस नाही. चल."

"शिक्षा करायला नेताय?"

नावसोनने माझ्याकडे बघितलं. मी द्राक्षांकडे बघितलं.

सोपात्रोस खाली बसला. बराच वेळ मातीत काडीने रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "काका, मी एकट्याने मारला म्हणून मी खुनी. सगळ्यांनी मिळून मारला तर खुनी कोण?"

"कोण?"

"हेच विचारायचं. पोरींनी पाणी आणायचं, एकाने धार लावायची, एकाने कुऱ्हाड हातात द्यायची, मी घाव घालायचा. सगळ्यांनी मांस खायचं. मग पंचांनी बसून विचारायचं, कोणी मारला? पोरी म्हणतील धारवाल्याने. धारवाला म्हणेल देणाऱ्याने. देणारा म्हणेल मी. मी म्हणेन कुऱ्हाडीने. कुऱ्हाडीला विचारा. ती गप्प. जो गप्प राहील तो दोषी, असा नियम करा. तिला फेका समुद्रात. देव खूश, माणूस एकही मेला नाही."

नावसोनने मांडीवर थाप मारली. "अरे, एवढी अक्कल आमच्या पंचांत असती तर दोन वर्षं उपाशी बसलो असतो का? तुला काय पाहिजे बोल."

"मला तुमच्यातला करून घ्या. अथेन्सकर. सगळ्यांनी वाटून घ्यायचं तर मी सगळ्यांत असायला हवा."

"करू की. पूजा झाली की करू."

"आधी," सोपात्रोस म्हणाला.

परतीच्या होडीत तो इतका आनंदात होता की वल्ही मारणाऱ्यांना गाणी सांगत होता. मी त्याच्याजवळ सरकलो.

"ही समुद्रात फेकायची ती कुऱ्हाड कुठली रे?"

"तुझीच, दादा. देवाने त्याच पूजेत म्हटलंय ना? मग बैलाच्या जागी बैल चालेल, पण ज्याने मारलं ते तेच हवं. मी तोच, कुऱ्हाड तीच." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देवाच्या कामी येतेय. नशीब लागतं."

आता त्या कुऱ्हाडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती माझ्या वडिलांची. सायप्रसच्या तांब्याचं ओतीव पातं, रानऑलिव्हचा दांडा. हातात घेतली की वजन कुठे जातं कळत नसे. वडिलांनी मला दिली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, जे माझ्या जन्माच्या वेळी भरले नव्हते. ती आजही माझ्या दाराआड उभी आहे. हल्ली खटल्याला लोक आपापल्या घरातली बोथट कुऱ्हाड काढून देतात आणि वर पुण्य घेतात.

घरी आल्यावर मी मिर्तोला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं.

"मग द्या की," ती म्हणाली.

"अगं, माझ्या एकट्याचीच का? पाप सगळे वाटून घेतायत ना? मग कुऱ्हाडही वाटून आणा म्हणावं."

"एवढा गाव पाण्यासाठी तळमळतोय आणि अहो, तुम्हाला कुऱ्हाडीचं दुःख. तिच्याकडे बघता तसं माझ्याकडे कधी बघितलं नाहीत."

"तू कधी बारा घावांत ओकचं झाड पाडलंस?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला विचार करायला शांतता मिळाली.

सणाच्या सकाळी सोपात्रोसला अथेन्सकर करून घेतलं. नावसोनने त्याच्या डोक्यावर हात ठेवून नाव पुकारलं, त्याने देवाची शपथ घेतली, हेदिस्ते नावाच्या पोरीने गळ्यात ऑलिव्हची माळ घातली. मग लोकांनी रांग लावून त्याला मिठ्या मारल्या. काही जणांना त्याचं नाव त्या सकाळीच कळलं होतं. तो रडत होता आणि प्रत्येकाला म्हणत होता, "माझं दार उघडं आहे, कधीही या." त्याला दार नव्हतं, त्याचं घर आम्ही तो गेल्याबरोबर पाडून दगड वाटून घेतले होते. पण त्या दिवशी तसं सांगणं बरं दिसलं नसतं.

पूजा ठरल्यासारखी झाली. काशाच्या मेजावर जव आणि पोळ्या मांडल्या आणि भोवतीने बैल फिरवले. ज्याने तोंड घातलं तो नेमला गेला. म्हणजे बैलाने स्वतःच ठरवलं, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. हेदिस्तेने पाणी आणलं. मी धार लावली. दोर्कोनने, तो कातड्याची कामं करायचा, कुऱ्हाड माझ्याकडून घेऊन सोपात्रोसच्या हातात दिली. सोपात्रोसने घाव घातला, कुऱ्हाड तिथेच टाकली आणि ठरल्याप्रमाणे पळत सुटला. त्याने हद्दीच्या दगडापर्यंत पळायचं, हात लावायचा आणि खटल्याला परत यायचं, असं होतं.

मांस भाजून झालं तेव्हा आधी कोणी हात लावेना. नावसोनने डोळे मिटून पहिला घास घेतला. डोळे उघडले. दुसरा घास त्याने डोळे उघडे ठेवूनच घेतला. त्यानंतर ढकलाढकली झाली. देवाची आज्ञा इतकी रुचकर असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. नव्वदीच्या एक आजीबाई हाड चोखत म्हणाल्या, "आपण इतकी वर्षं पोळ्याच का खात होतो?"

इकडे मेलेल्याला उभं करण्याचं काम दोर्कोनकडे आणि माझ्याकडे होतं. बैलाचं कातडं जवाच्या पेंढ्याने भरायचं, शिवायचं आणि नांगराला जुंपायचं. दोर्कोन सुई आणायला गेला तो वाटेत मांसापाशी रेंगाळला. वेदीजवळ माझी कुऱ्हाड पडली होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी ती उचलली, दांडा पुसला, बैलाच्या पोटात आडवी ठेवली आणि वर पेंढा दाबला. दोर्कोन आला आणि त्याने टाके घातले.

माझ्या मनात वाईट काही नव्हतं. कुऱ्हाड सापडली नाही तर दुसरी आणतील, ही मी मागाहून काढून घेईन, एवढाच माझा हिशेब. अथेन्समध्ये पाण्याचा दुष्काळ होता, कुऱ्हाडींचा नव्हता.

बैल उभा राहिला. पोट जरा लोंबत होतं. नावसोन त्याच्याभोवती फिरून म्हणाला, "जिवंतपणी इतका धष्टपुष्ट नव्हता."

दुपारी पंच बसले. सोपात्रोस धापा टाकत परत आला, गळ्यातली माळ एका कानावर आलेली. तो हसत होता. सगळे हसत होते. पोटं भरलेली होती.

"बैल कोणी मारला?" नावसोनने पाणी आणणाऱ्या पोरींना विचारलं.

"आम्ही नाही," हेदिस्ते म्हणाली. "धार लावणाऱ्याने."

"फिलाग्रोस?"

"मी नुसती धार लावली," मी म्हणालो. "देणाऱ्याने मारला."

"मी नुसती दिली," दोर्कोन म्हणाला. "ज्याने घाव घातला त्याला विचारा."

"सोपात्रोस?"

"मी नाही," सोपात्रोस ठसक्यात म्हणाला. "कुऱ्हाडीने."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नावसोन म्हणाला, "आणा तिला."

वेदीजवळ बघितलं. मेजाखाली बघितलं. राखेत काठ्या घालून बघितलं. मी पण बघितलं, इतरांपेक्षा जास्त वेळ.

"बैलाला ठाऊक असेल," कोणी तरी म्हणालं आणि हशा पिकला. मीही हसलो.

सोपात्रोसचं हसू अजून तोंडावर होतं. "काका, एवढं काय? दुसरी आणा."

एकाने आपली पुढे केली. नावसोनने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली.

"या कुऱ्हाडीने काय केलंय?" त्याने विचारलं. "आज सकाळी ही कुठे होती?"

"घरी होती," मालक म्हणाला. "खुंटीला."

"मग? जिने काही केलं नाही तिला शिक्षा करायची? एक पाप फेडायला बसलोय, दुसरं करायचं? आणि देवाने तेच म्हटलंय. तेच म्हणजे तेच."

लोकांनी माना डोलावल्या. आम्ही न्यायाने चालणारी माणसं. निरपराध कुऱ्हाडीचा विचार मनात आल्यावर बायकांनी सुद्धा चुकचुक केली.

आता सोपात्रोसचं हसू गेलं. तो माझ्याकडे वळला. "दादा, तुझी कुऱ्हाड. तू उचललीस का? रागावत नाही मी, नुसतं सांग."

"मी धार लावली, बाबा. पुढचं दोर्कोनला विचार."

"मी तुझ्या हातात दिली," दोर्कोन म्हणाला. "त्यानंतर ती तुझ्यापाशी होती."

"मी टाकली. इथे टाकली. सगळ्यांनी बघितलं."

कोणी बघितलं नव्हतं. सगळे बैलाकडे बघत होते.

खरं सांगतो, तोंड उघडावं असं माझ्या मनात आलं. पण उघडलं असतं तर लपवली का, असं विचारलं असतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याचं काय करायचं हे तर आम्ही ठरवून बसलो होतो.

"सोपात्रोस," नावसोन म्हणाला, "बैल कोणी मारला?"

"कुऱ्हाडीने."

"जो हजर नाही त्याच्यावर ढकलणं म्हणजे उत्तर नव्हे. दुसऱ्यांदा विचारतो. बैल कोणी मारला?"

"आपण सगळ्यांनी. काका, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. द्राक्षमळ्यात. मातीत रेघा ओढून सांगितलं होतं."

"सगळ्यांनी आपापली उत्तरं दिलेली आहेत. तिसऱ्यांदा विचारतो."

सोपात्रोस ओरडू लागला. क्रीट, होडी, शपथ, माळ, सगळं त्याच्या ओरडण्यात येत होतं. नावसोनने शांतपणे ऐकून घेतलं, मग त्याच्यापेक्षा मोठा आवाज काढून जाहीर केलं, "तीनदा विचारलं. आरोपी गप्प आहे."

हेदिस्तेला ते पटलं नाही. वय लहान होतं. ती म्हणाली, "काका, बोलतायत ना ते? आणि परके आहेत. परत क्रीटला जाऊ द्या."

"काल बोलली असतीस तर हाकलून दिला असता," नावसोन मायेने म्हणाला. "आज तो आपला आहे, पोरी. आपल्या माणसाला आपण असं वाऱ्यावर सोडत नाही."

आम्ही समुद्राकडे निघालो. डावा दंड मी धरला होता, उजवा दोर्कोनने. अर्ध्या वाटेवर कोणाच्या तरी लक्षात आलं की सोपात्रोसने मांस खाल्लंच नाही. तो पळत होता. सगळ्यांनी खा, अशी देवाची आज्ञा. थांबलो. एक तुकडा आणवला.

"नको," सोपात्रोस म्हणाला.

"खा रे बाबा," नावसोन म्हणाला. "तुझ्या एकट्यापायी सगळ्या गावाची पूजा फुकट जाईल. असं करू नये."

दोर्कोनने त्याचं नाक दाबलं. त्याने खाल्लं. नावसोनने आपल्या अंगरख्याच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं.

कड्यावर पोचलो तेव्हा वारा पडला होता. लोक मागे जमत होते, पुढच्यांना खाली बसा म्हणत होते. सोपात्रोसने मान माझ्याकडे वळवली.

"दादा," तो अगदी हळू म्हणाला, "कुठे आहे ती?"

मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला मन घेईना. मीही हळू म्हणालो, "बैलाच्या पोटात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सगळ्यांकडे वळून ओरडला, "बैलाच्या पोटात आहे. याने ठेवलीय. टाके उसवा आणि बघा. पळत जा आणि बघा."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. दोर्कोनला तर रडू आलं. "मी स्वतः टाके घातले रे," तो म्हणाला. "पेंढा आहे आत. बिचारा, भ्रमिष्ट झाला."

"आणि उसवायचं म्हणजे काय?" नावसोन म्हणाला. "देवाने मेलेल्याला उभा करा म्हटलं, तो आत्ता कुठे उभा राहिलाय. त्याला पुन्हा फाडायचं?"

मग प्रत्येकाने सोपात्रोसच्या पाठीवर एकेक तळवा टेकवला. ज्यांचा हात पोचला नाही त्यांनी पुढच्याच्या पाठीवर टेकवला. कोणी जोर लावला ते सांगता येणार नाही. मी तरी फार लावला नाही.

तो पडला, पण समुद्रात नाही. खाली पाण्याला लागून एक खडक होता, त्याच्या कडेला लोंबकळत राहिला. पायांखाली पाणी, बोटं दगडात. आम्ही वरून बघत होतो.

"हे काही खरं नाही," नावसोन म्हणाला. "शिक्षा समुद्रात अशी आहे. हा काठावर आहे."

कोणी तरी उतरायला हवं होतं. दोर्कोनचे गुडघे दुखत होते. बाकीचेही आपापल्या पायांकडे बघू लागले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी त्याला सगळ्यात जास्त ओळखत होतो.

मी उतरलो. वाट बकऱ्यांची होती, जपून पाय टाकावा लागत होता. मला येताना बघून सोपात्रोसचा चेहरा उजळला. त्याने एक हात सोडून माझ्यापुढे केला.

"दादा," तो म्हणाला, "मी सांगणार नाही कोणाला. कुऱ्हाड तुझी तुला. मला नुसतं वर घे, मी अंधार पडला की कुठे तरी निघून जाईन."

त्याने तो शब्द पाळला असता याबद्दल मला शंका नाही. माणूस चांगला होता. पण तो चांगला राहणार की नाही याची काळजी उरलेला जन्मभर मला करत बसावी लागली असती. पुढे केलेला हात मी धरला नाही. खडकावरच्या हाताची बोटं सोडवायला घेतली. वेळ लागला, नांगर धरणाऱ्याची बोटं होती ती. दोन सुटेपर्यंत तो माझं नाव घेत होता. तिसरं सुटल्यावर गप्प झाला, तो खरोखर गप्प.

मी वर आलो. माझे हात ओले होते, एका नखाखाली रक्त आलं होतं.

"काय झालं?" नावसोनने विचारलं.

"लाट आली," मी म्हणालो.

समुद्र तव्यासारखा सपाट होता. नावसोनने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मान डोलावली. आम्ही लगबगीने परत फिरलो. बरंच मांस उरलं होतं आणि त्या उन्हात ते टिकलं नसतं.